लेखकाचा सूर ओळखा

"शिकलगार बाई, हे काय केलंय तुम्ही?"

बिरनाळे सरांनी उत्तरपत्रिका माझ्या पुढ्यात ठेवली. आपटली नाही, ते कधीच काही आपटायचे नाहीत. नुसती ठेवली आणि हिरव्या पेनाचं टोक समासात एका जागी टेकवलं. तिथे मी लाल शाईने दोन लिहिले होते. दोनपैकी दोन.

"गुण दिलेत, सर."

"ते दिसतंय मला. कशाबद्दल दिलेत?"

चित्रकलेच्या हॉलमधली सगळी पेनं थांबली. वर पंखा कुरकुरत होता तेवढाच काय तो आवाज.

तासगावातली आमची शिक्षण संस्था दरवर्षी नववीच्या मुलांसाठी मराठीची एक शिष्यवृत्ती परीक्षा घ्यायची. संस्थेच्या खेड्यापाड्यांतल्या सगळ्या शाळांची मुलं बसायची आणि मे महिन्यात आम्ही पंधरा-वीस मराठीचे शिक्षक मुख्य शाळेत जमून पेपर तपासायचो. मी त्या वर्षी पहिल्यांदाच आले होते. नोकरीला लागून दोन वर्षं होत आली होती, पण अजून कायम झाले नव्हते. कायम करायचं की नाही यावर शेरा लिहिणार होते ते हेच बिरनाळे सर. मुख्य शाळेचे मुख्याध्यापक, परीक्षेचे प्रमुख, पेपर काढणारेही तेच. सडपातळ, उंच, पांढरा शर्ट, पांढरी पँट. कुणाचं चांगलं झालं तर "ठीक" म्हणायचे. त्याच्या वरचा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

वाद ज्या प्रश्नावरून झाला तो उताऱ्याखालचा शेवटचा प्रश्न होता. उतारा असा होता:

'आमच्या सौभाग्यवतींना घड्याळ कळत नाही असे नाही. त्या ते मानत नाहीत, एवढेच. सकाळची एसटी गाठायची म्हणून मी चपला घालून दारात उभा, आणि आतून प्रश्न येतो, "निघताना घोटभर चहा घेताय का?" चहा नको म्हटले, तर थर्मास शोधण्यात वेळ गेला. एसटी गेली. फाट्यावर एका दगडावर आम्ही दोघे बसलो. मग यांनी पिशवीतून तो थर्मास काढला, दोन पेले काढले, एका पुडीतून चार बिस्किटेही काढली. एसटी चुकणार याची तयारी घरूनच करून निघणारे माणूस मी जगात दुसरे पाहिलेले नाही. दुसरी एसटी आली तेव्हा चहा निम्माच झाला होता. ती जाऊ दिली. असल्या बाईबरोबर मी तीस वर्षे काढली आहेत. अजून किती काढावी लागणार, कोण जाणे.'

खाली प्रश्न: लेखकाचा सूर ओळखा व एका शब्दात लिहा. गुण दोन.

सरांनी पहिल्या दिवशीच फळ्यावर नमुना उत्तर लिहून दिलं होतं: वैतागलेला. कंसात: तक्रारीचा चालेल. त्या वेळी माझ्या शेजारी बसणाऱ्या खोत सरांनी सहज विचारलं होतं, "सर, उतारा कुणाचा आहे? लेखक माहितीतला वाटत नाही." तर बिरनाळे सर म्हणाले होते, "आहे एक. तुम्हाला काय करायचंय? पेपर तपासा." विषय संपला होता.

आणि आता माझ्यासमोर जी उत्तरपत्रिका होती तिच्यात कुणा मुलाने, की मुलीने, नंबरावरून काही कळत नव्हतं, असं लिहिलं होतं: 'आमचे आजोबा आजीला बोलतात तसा सूर आहे. ऐकणाऱ्याला भांडण वाटतं. आजीला वाटत नाही.'

"एका शब्दात विचारलंय," बिरनाळे सर म्हणाले. "हे किती शब्द झाले?"

"सर, त्या मुलाला सूर कळलाय. त्याला शब्द माहीत नाही एवढंच."

"भाषेच्या परीक्षेत शब्दच विचारतात, बाई. शब्द नाही, तर कळलं हे कशावरून म्हणायचं?"

मी उत्तर द्यायला नको होतं. खोत सरांनी टेबलाखालून माझ्या खुर्चीच्या पायाला हळूच पाय लावून तसं सुचवलंही. पण मी बोलून गेले.

"कळलं म्हणूनच तर त्याला शब्द सापडला नाही, सर. आपण दिलेला शब्द इथे बसतच नाही."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे नमुना उत्तर चूक?"

"हो, सर."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. समोरच्या रांगेतल्या एक बाई मान वळवून माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यांनी सकाळीच माझं कौतुक केलं होतं, "किती स्वच्छ मराठी बोलता हो तुम्ही, वाटतसुद्धा नाही!" असली वाक्यं मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. ती कुठल्या सुरात म्हटली जातात ते ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून असेल, पण सुराच्या बाबतीत मला माघार घेववत नव्हती.

"सांगा मग," सर म्हणाले, "तीस वर्षं काढली, अजून किती काढावी लागणार कोण जाणे. हे काय, कौतुक आहे?"

"तेवढंच वाक्य वाचलं तर नाही. पण त्याच्या आधी तो म्हणतो, दुसरी एसटी आली ती जाऊ दिली. वैतागलेला माणूस एसटी सोडेल का? धावत जाऊन चढेल."

कुणीतरी मागे "हां" म्हणालं. सर तिकडे वळले आणि ते 'हां' जिथल्या तिथे विरलं.

"आमच्या घरी अब्बा अम्मीला रोज म्हणतात," मी म्हणाले, "'क्या नसीब लेके आयी रे तू, मेरी सारी उमर खा गई.' आणि ती समोर जेवायला बसल्याशिवाय घास उचलत नाहीत. त्या मुलाचे आजोबाही तसेच असणार. त्याने घरात जे ऐकलं ते या उताऱ्यात ओळखलं. याच्यापेक्षा जास्त आपण मुलाला काय शिकवतो, सर?"

सरांनी हिरव्या पेनाचं टोपण पुन्हा काढलं, माझ्या दोनवर आडवी रेघ मारली आणि शेजारी शून्य घातलं.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "आज एकाच्या आजोबांना गुण दिले, तर उद्या दुसऱ्याच्या मावशीला द्यावे लागतील. तपासा पुढे."

ते आपल्या टेबलाकडे गेले. खोत सर माझ्याकडे झुकून पुटपुटले, "बाई, दोन गुणांसाठी नोकरी घालवताय की काय? तुमचं कन्फर्मेशन व्हायचंय अजून." त्यांचं चुकीचं नव्हतं. पुढचा गठ्ठा मी ओढला खरा, पण अक्षरं डोळ्यांपुढून नुसती सरकत होती. ते उत्तर मी समासात बारीक खूण करून वेगळं ठेवलं. काय करणार होते त्याचं, मलाही माहीत नव्हतं.

जेवायच्या सुट्टीला थोडा वेळ होता तेव्हा हॉलच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, गोऱ्या, उन्हाने लालबुंद झालेल्या. हातात कापडी पिशवी, पदर डोक्यावरून घेतलेला.

"अहो," त्यांनी दारातूनच हाक मारली.

बिरनाळे सरांनी वर पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"कशाला आलीस गं उन्हातनं?"

"डबा विसरलात."

"विसरलो तर विसरलो. एक दिवस नाही जेवलो तर मरतो काय मी? कवलापुरातनं एवढ्यासाठी एसटीत बसून आलीस? डोकं आहे का ठिकाणावर?"

"गोळी पण विसरलात. जेवल्यावरची."

"गोळीचं काय घेऊन बसलीस! इथं तासगावात औषधाची दुकानं नाहीत काय? चक्कर येऊन पडली असतीस वाटेत, म्हणजे कळलं असतं." असं म्हणत सरांनी स्वतःची खुर्ची उचलून पंख्याखाली आणून ठेवली. ती नेमकी माझ्या शेजारीच आली. "बैस इथं. हलू नकोस. शिपाई कुठं गेला? अरे, पाणी आण कुणीतरी! माठातलं आण, बाटलीतलं गरम असेल."

खोत सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून पेपरात तोंड खुपसलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. सबंध हॉलमध्ये प्रत्येकजण कुठल्यातरी कागदात तोंड खुपसून बसला होता.

काकूंनी, त्यांचं नाव पद्मावती, पाणी पिऊन चेहऱ्यावरून पदर फिरवला आणि माझ्या टेबलावरचा एक कागद उचलून वारा घ्यायला लागल्या. ती जादा उरलेली प्रश्नपत्रिका होती. "चालेल ना हो बाई घेतला तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घ्या की."

वारा घेता घेता त्यांचा हात हळू झाला. मग थांबला. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. सातवीपर्यंत शिकले आहे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. ओठ हलवत त्या वाचत होत्या. एकदम त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, ठसका लागला. पण त्या हसत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा मणेराजुरीचा फाटा ना?"

बिरनाळे सर डब्याचं झाकण उघडत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"कुठला फाटा?"

"हाच की. थर्मास, बिस्किटं. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला निघालो होतो तेव्हाचं. हे कुणी लिहिलं?"

हॉलमध्ये आता कागदात तोंड घालून बसण्याचं नाटकही कुणी करत नव्हतं.

"पेपरातला उतारा आहे तो," सर म्हणाले. "ठेव खाली. गोपनीय असतं."

"परीक्षा झाली की. आता कसलं गोपनीय?" काकूंचं बोट ओळींखालून सरकत होतं. शेवटच्या प्रश्नापाशी ते थांबलं. "लेखकाचा सूर ओळखा. याचं उत्तर काय हो बाई?"

प्रश्न मला होता. मी सरांकडे पाहिलं. सर डब्याकडे पाहत होते. माझ्या वतीने खोत सरांनीच सांगून टाकलं, फळ्याकडे हात करून. "वैतागलेला, काकू. सरांनी स्वतः लिहून दिलंय."

काकूंनी फळा पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण ते आत कुठंतरी सरकलं होतं.

"वैतागला होता व्हय?" त्या म्हणाल्या. "मग दुसरी एसटी का सोडलीत?"

सरांनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढा त्यांनी माझ्याशी वाद घालतानाही घेतला नव्हता.

"चहा गरम होता," ते म्हणाले.

आधी खोत सर हसले. मग सगळा हॉल. समोरच्या रांगेतल्या त्या बाई डोळे पुसत हसत होत्या. बिरनाळे सरांचे कान लाल झालेले मी त्या दिवशी पाहिले, आणि पुढे त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, पण पुन्हा कधी पाहिले नाहीत.

काकू मात्र हसत नव्हत्या. हसण्याच्या त्या गलक्यात त्या हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं, आणि सर समोर होते म्हणून त्यांना.

"मला वाटायचं, तुम्हाला तो दिवस आठवतसुद्धा नसेल. घरी आल्यावर चार दिवस बोलत होतात, एसटी चुकवली म्हणून."

डब्यातली चटणी, भाजी, भाकरी सरांनी झाकणात वेगळी काढली आणि झाकण काकूंपुढे सरकवलं. "खा आधी. तू पण जेवून आलेली नसणार. माहीत आहे मला."

मग ते फळ्यापाशी गेले. डस्टर सापडलं नाही, म्हणून तळहातानेच 'वैतागलेला' पुसलं. कंसातलं 'तक्रारीचा'ही पुसलं. हात पांढरा झाला, तो त्यांनी पांढऱ्या पँटलाच पुसला. खडू उचलून आमच्याकडे वळले.

"शब्द सांगा," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो.

"आता का गप्प? मघाशी 'हां' कुणी म्हटलं होतं? सांगा. या लिखाणाचा सूर कोणता?"

"उपरोधिक," मागून एक आवाज आला.

"नाही. उपरोधात समोरच्याला लागावं अशी इच्छा असते. इथं ती आहे काय?"

"खोचक?"

"तेच झालं. टोचलं पाहिजे. पुढे."

"मिश्किल," खोत सर म्हणाले.

सरांनी तो शब्द लिहिला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला. "जवळ आहे. पण मिश्किल माणूस कुणाच्याही बाबतीत मिश्किल असतो. हा एकाच माणसाच्या बाबतीत आहे."

"लाडिक?"

"लाडिक बायकांनी बोलायचं," सर म्हणाले, आणि खुर्चीवरून काकूंचा आवाज आला, "का? बाप्यांनी बोलू नये असा कायदा आहे?" पुन्हा हशा झाला. यावेळी सरांच्या ओठांची एक कड हलली.

"शिकलगार बाई," ते म्हणाले. "मघाशी तुम्ही एवढं भांडलात. तुमच्याकडे शब्द नाही?"

माझ्याकडे होता. सकाळपासून होता. पण तेव्हा तो मला उगीचच हलका वाटला होता, परीक्षेच्या कागदावर न शोभणारा.

"लटका, सर," मी म्हणाले. "लटका राग म्हणतो आपण तसा. लटका वैताग."

सरांनी खडू फळ्याला टेकवला आणि मोठ्या, सुबक अक्षरांत लिहिलं: लटका. त्याखाली रेघ ओढली. थोडा वेळ आमच्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले.

"हा शब्द मला सुचला होता," ते फळ्याकडेच बघत म्हणाले. "उत्तर लिहिताना पहिल्यांदा तोच सुचला होता." पुढे का लिहिला नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पंधरा-वीस माणसांसमोर फळ्यावर असं काही लिहून देणं त्यांना जड गेलं असणार, एवढं आता सगळ्यांना कळत होतं.

मग ते वळले आणि पुन्हा पहिल्यासारखे मुख्याध्यापक झाले. "सगळे गठ्ठे पुन्हा उघडायचे. शेवटचा प्रश्न सगळ्यांचा पुन्हा तपासायचा. लटका, मिश्किल, प्रेमळ तक्रार, जे जवळ जाईल ते घ्या. एका शब्दाचा आग्रह नाही. मुलाला कळलंय असं दिसलं की गुण द्या. कळलंय की नाही याबद्दल शंका आली तर शिकलगार बाईंना विचारा."

हॉलभर एक कण्हणं उमटलं. एवढे गठ्ठे! खोत सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घ्या. मिळालं बढतीचं काम."

माझ्या कायम होण्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. महिन्याभराने संस्थेच्या कचेरीतल्या क्लार्कने मला घाबऱ्या चेहऱ्याने बोलावून शेरा दाखवला होता. बिरनाळे सरांनी लिहिलं होतं: 'बाई हट्टी आहेत. वरिष्ठांचे ऐकत नाहीत. संस्थेला हा त्रास पुढील तीस वर्षे सोसावा लागेल.' खाली सही, आणि सहीच्या खाली 'कायम करावे.' क्लार्क म्हणाला, "बाई, सरांनी असं वाईट का हो लिहिलं? आणि वाईट लिहून कायम का केलं?" मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. मी तो कागद पुन्हा एकदा वाचून घेतला आणि घरी जाऊन अब्बांनाही म्हणून दाखवला. अब्बा म्हणाले, "भला आदमी दिखता है."

पण त्या दिवशीच्या दुपारबद्दल सांगत होते.

जेवण झालं. काकू गेल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत बसते म्हणाल्या आणि पंख्याखालच्या खुर्चीत खरंच डुलक्या घ्यायला लागल्या. ती प्रश्नपत्रिका घडी घालून त्यांच्या पिशवीत गेली होती. सरांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आम्ही गठ्ठे पुन्हा उपसले. खूण करून ठेवलेल्या त्या आजोबांच्या उत्तराला मी सगळ्यात आधी दोन गुण परत दिले. सकाळी कंटाळवाणं वाटणारं काम आता वेगळंच झालं. मुलांकडे शब्द नव्हते. पण ज्यांच्याकडे शब्द नव्हते त्यांनीच काय काय लिहून ठेवलं होतं! सकाळी आम्ही त्या सगळ्यावर सरळ शून्य टाकत गेलो होतो. आता कुणी ना कुणी मधेच "हे ऐका" म्हणायचं आणि सगळे हातातलं काम थांबवून ऐकायचे.

'शेजारच्या काकांच्या म्हशीबद्दल काका बोलतात तसा.' यावर बरीच चर्चा झाली. खोत सरांचं म्हणणं, म्हशीशी तुलना झाली, अपमान आहे. समोरच्या रांगेतल्या बाई त्यांच्यावर तुटून पडल्या. "तुम्ही म्हैस पाळली नाही कधी, म्हणून बोलताय!" दोन गुण.

'लेखक चिडलेला नाही. चिडायला त्याला आवडते.' दोन गुण, एकमताने.

'सूर खोटा आहे पण माणूस खरा आहे.' हे वाचून दाखवल्यावर बिरनाळे सर उठून आले, ती उत्तरपत्रिका हातात घेतली, अक्षर न्याहाळलं, परत ठेवली.

आणि एक मुलगी होती. मुलगीच, कारण तिने तसं लिहिलं होतं. तिचं उत्तर माझ्याच गठ्ठ्यात सापडलं, संध्याकाळी पेन टोपणात घालायच्या बेतात असताना. सकाळी मी त्यावरून डोळे फिरवून शून्य टाकलं होतं, हे मला आठवत होतं. मी ते मोठ्याने वाचलं नाही. उठून सरांच्या टेबलाशी गेले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

'मला या सुराचे नाव येत नाही,' तिने लिहिलं होतं. 'पण मी मोठी झाल्यावर माझ्याबद्दल कुणी या सुरात लिहिले तर मला आवडेल.'

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. पंख्याखाली काकू मान एका बाजूला कलती करून गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं.

"किती द्यायचे, सर?" मी विचारलं.

सरांनी हिरवं पेन उचललं, माझ्या शून्यावर रेघ मारून दोन लिहिले. मग पेन तसंच कागदावर टेकवून थांबले.

"चुकलंच," ते म्हणाले. "प्रश्न दोनच गुणांचा ठेवायला नको होता."